विंडोज उडालेलं नसतंय, मागं सरकलेलं असतंय

कॉलेजं सुरू झाली, नवे लॅपटॉप आले, आणि एका कॉम्प्युटरवर दोन-दोन तीन-तीन ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे विंडोज किंवा उबंटू, फेडोरा, मिंट असली लिनक्स) टाकायचा नाद जिल्हाभर पसरला. टपालात याच विषयाची पत्रं जास्त निघाली म्हणून या खेपेला प्रिंटर, वायफाय, मोबाईल सगळं पुढच्या अंकात ढकललंय. आणि एक सांगून ठेवतो, कमांड इथं देवनागरीत छापल्यात, टर्मिनलात (कमांड लिहायच्या खिडकीत) टाईप करताना अर्थातच इंग्रजीत.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर विंडोज ११ होतं, त्यात मी उबंटू टाकलं, मस्त चाललंय. आता प्रोजेक्टसाठी फेडोरा पाहिजे, आणि मैत्रीण म्हणते मिंट पण टाक. राजारामपुरीत एका दुकानात विचारलं तर म्हणाले दोनच्या वर होत नाही, तिसरं टाकलं की बूट लोडर करप्ट होतो. खरं आहे का? आणि तीन-चार ओएस असतील तर बूट लोडर नेमका कुणाचा ठेवायचा?
*– एक विद्यार्थिनी, कदमवाडी*

उत्तर : दोनच्या वर होत नाही हे त्यांना कुणी सांगितलं काय माहीत, पण नव्या लॅपटॉपला ते लागूच होत नाही. तुझ्या लॅपटॉपची डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीनं विभागलेली आहे, त्यात साधारण १२८ पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या भागांची, जागा असते, त्यामुळं अडचण आली तर ती जागेची येईल, बूट लोडरची (ओएसला उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) नाही.

होतं काय ते एकदा नीट बघ, मग घाबरायचं कारण राहणार नाही. बटण दाबलं की पहिल्यांदा जागं होतं ते मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे यूईएफआय. त्याच्या स्वतःच्या मेमरीत एक यादी असते, अमुक डिस्कवरची अमुक फाईल चालव, ती नाही चालली तर पुढची चालव. या फाईली जिथं असतात ते पार्टिशन म्हणजे ईएसपी, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं छोटंसं, विंडोजनं बनवलेलं असेल तर बहुतेक १०० एमबीचं. त्याच्या आत ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर, आणि त्यात प्रत्येकाचा आपापला फोल्डर, मायक्रोसॉफ्टचा वेगळा, उबंटूचा वेगळा, फेडोराचा वेगळा. वाड्याचं दार एक आणि आत भाडेकरूंच्या खोल्या वेगवेगळ्या, तसलाच प्रकार. कुणी कुणाच्या खोलीत जात नाही, त्यामुळं तिसरं टाकलं म्हणून पहिलं पुसलं जायचा प्रश्न येत नाही, फक्त यादीत जो शेवटी आला तो स्वतःला पहिल्या नंबरवर बसवतो एवढंच.

आता मैत्रिणीच्या मिंटचं. इथं मात्र खरंच गोची आहे, आणि दुकानदारानं सांगितली ती नव्हे. मिंट हे उबंटूवरच बनवलेलं असल्यामुळं ते स्वतःचं ग्रब (लिनक्सचा बूट लोडर, चालू होताना मेनू दाखवतो तो) ‘उबंटू’ याच नावाच्या फोल्डरात नेऊन टाकतं! म्हणजे उबंटू आणि मिंट दोन्ही ठेवलीस की एकाच खोलीत दोन भाडेकरू. मिंट टाकल्यावर मेनू मिंटचा येणार, मग कधीतरी उबंटूत ग्रबचं अपडेट आलं की मेनू परत उबंटूचा, आणि तू म्हणणार आपोआप कसं काय बदलतंय. सिक्युअर बूट (सही नसलेला बूट लोडर चालू न देणारी सेटिंग) चालू असताना फोल्डरचं नाव बदलूनही भागत नाही, कारण सही केलेलं ग्रब आपली सेटिंगची फाईल त्याच ‘उबंटू’ फोल्डरात शोधतं. मिंट पाहिजेच असेल तर लाईव्ह पेनड्राईव्हवरून चालू केल्यावर आयकॉनवर क्लिक न करता टर्मिनल उघडून ‘युबिक्विटी -बी’ असं लिहून इन्स्टॉलर सुरू कर. ‘बी’ लावलं की तो बूट लोडर टाकतच नाही, मिंट नुसतं डिस्कवर बसतं आणि त्याला उबंटूचं ग्रब उठवतं. माझं विचारशील तर उबंटू असताना मिंट वेगळं ठेवण्यात मला फार मजा दिसत नाही. फेडोराचं तसं नाही, ते वेगळ्या घराण्यातलं आहे, ते टाकच.

टाकायच्या आधी विंडोजमध्ये तीन कामं कर आणि यातलं एकही उद्यावर ढकलू नकोस. पहिलं, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघ, बऱ्याच नव्या लॅपटॉपवर आपल्याला न विचारता चालू असतं, आणि बूटच्या सेटिंगला हात लागला की विंडोज निळा पडदा दाखवून ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, आधीच काढून वहीत लिहून ठेव, लॅपटॉपच्याच डेस्कटॉपवर सेव्ह करून ठेवणारे पण महाभाग आहेत. दुसरं, कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद कर. ते चालू असलं की शटडाऊन केल्यावरही विंडोज खरं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि त्याचं पार्टिशन लिनक्सला नीट उघडता येत नाही, नुसतं वाचता येतं किंवा तेही नाही. तिसरं, जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ करून मोकळी कर आणि ती मोकळीच सोड, तिथं नवीन डी ड्राईव्ह वगैरे बनवू नकोस.

मग फेडोरा टाकताना पार्टिशनच्या पानावर थांबून बघ. आहे तेच ईएसपी वापरायचं, ते ‘बूट’च्या आत ‘ईएफआय’ म्हणून जोडायचं आणि त्याच्यासमोरची फॉरमॅटची खूण काढलेली पाहिजे, ही एक खूण राहिली की सगळ्यांच्या खोल्या एकदम रिकाम्या. ‘विंडोज उडालं’ म्हणून लोक येतात त्यातलं खरंखुरं उडालेलं मी बघितलंय ते याच खुणेमुळं. १०० एमबीत तिघं बसतील का असं वाटेल, तर बसतात, कारण ग्रब वापरणाऱ्या ओएसचं कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, ईएसपीत नसतं, तिथं काही एमबीच्या फाईली असतात फक्त. सिस्टमडी-बूट हा दुसरा बूट लोडर वापरणारं पॉप ओएस असलं काही टाकशील तर मात्र त्याचं कर्नलही तिथंच येऊन बसतं आणि १०० एमबी पुरत नाही.

बूट लोडर कुणाचा ठेवायचा, तर जी ओएस तू रोज वापरतेस आणि जी सहजासहजी काढणार नाहीस तिचा. तुझ्या बाबतीत उबंटूचा. फेडोरा टाकल्यावर तेच पहिलं येईल, मग लॅपटॉपच्या यूईएफआय सेटिंगमध्ये जाऊन नाहीतर लिनक्समधूनच ‘एफिबूटएमजीआर’ कमांडनं उबंटू वर घे. नंतर उबंटूत जाऊन ‘सुडो अपडेट-ग्रब’ मार, म्हणजे ते बाकीच्या ओएस शोधून मेनूत घालेल. इथं नव्वद टक्के पोरं अडकतात, मेनूत फक्त उबंटूच दिसतं, विंडोज नाही, फेडोरा नाही. कारण असं की २०२१ साली आलेल्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या ओएस शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणावरून मुळातच बंद ठेवलाय. ‘ईटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाईल आहे, त्यात ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ हे ‘फॉल्स’ करून परत अपडेट-ग्रब मारायचं. डिसेबल फॉल्स म्हणजे चालू, हो, उलटंच लिहिलंय, इलाज नाही.

अजून एक, फेडोराचं कर्नल सारखं नवीन येतं आणि ते जुनी कर्नल काढत पण जातं, मूळ सेटिंगला तीनच ठेवतं. पण तुझा मेनू उबंटूचा, त्याला फेडोरातलं हे काही कळत नाही, त्यामुळं उबंटूत जाऊन परत अपडेट-ग्रब मारेपर्यंत मेनूत जुनंच नाव राहतं आणि एक दिवस ते दाबल्यावर फाईल सापडत नाही म्हणून एरर येतो. फेडोरा खराब झालेलं नसतं. लॅपटॉप चालू करताना बूट मेनूतून थेट फेडोरा निवड, ते स्वतःच्या ग्रबनं उठतं. सारखंच लागत असेल तर ‘ग्रब.डी’ फोल्डरातल्या ‘४०_कस्टम’ फाईलमध्ये चेनलोडरची एक नोंद लिहून ठेव, म्हणजे उबंटूचं ग्रब फेडोराचं कर्नल न शोधता सरळ फेडोराच्याच बूट फाईलला पुढं करतं, आणि मग तिकडं कर्नल कितीही बदलू दे.

प्रश्न : उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. मशीनला प्रोग्राम पाठवायचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालतं, सिरियल पोर्टनं जोडलेलं. कॉम्प्युटर जुना कोअर टू ड्युओ आहे. मुलगा म्हणतो यातच लिनक्स टाकून देतो, इंटरनेट आणि जीएसटीचं काम त्यावर होईल. एक्सपीला धक्का लागला तर आमची मशीन बंद पडेल. करू द्यावं का?
*– एक उद्योजक, कोल्हापूर*

उत्तर : करू द्या, पण त्याला एक्सपीच्या डिस्कला हात लावू देऊ नका. तुमच्या कॉम्प्युटरला बहुतेक साटा केबलची दुसरी जागा असेल, एक छोटी एसएसडी आणा, कॉम्प्युटर बंद करून एक्सपीच्या डिस्कची केबल काढा, नव्या एसएसडीवर लिनक्स टाका, सगळं झालं की केबल परत जोडा. आता दोन डिस्क, दोन वेगळे बूट लोडर, एकमेकांची ओळखसुद्धा नाही. कॉम्प्युटर चालू करताना बूट मेनूची की दाबून डिस्क निवडायची, गिगाबाईटच्या बोर्डला एफ१२, असुसला एफ८, एमएसआयला एफ११. बूटच्या सेटिंगमध्ये पहिली डिस्क एक्सपीची ठेवा, म्हणजे कामगारानं काही न दाबता चालू केलं तरी नेहमीचंच येईल.

तुमच्या पोराला एकाच डिस्कवर दोन्ही का नको हे विचारायचं असेल, तर त्याला एमबीआरचं सांगा. जुन्या पद्धतीत डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, ५१२ बाईटचा, त्यात सगळा संसार. पहिले ४४६ बाईट बूट लोडरचे, पुढचे ६४ बाईट पार्टिशनच्या तक्त्याचे, शेवटचे दोन खुणेचे. तक्त्यात चारच नोंदी मावतात म्हणून चारच प्रायमरी पार्टिशन. आणि ४४६ बाईटची जागा एकच असल्यामुळं जो शेवटी येईल तो आधीच्याला पुसून तिथं बसतो, एक्सपी नंतर टाकलं तर ते ग्रबला न विचारता पुसणार, ग्रब नंतर टाकलं तर ते एक्सपीच्या कोडवर बसणार आणि वर एक्सपीला उठवायची जबाबदारी घेणार. बूट लोडर करप्ट होतो ही दुकानातली भीती त्या काळातली आहे, आणि त्या काळी ती खरी होती.

तरी एकाच डिस्कवर करायची वेळ आलीच, तर आधी क्लोनझिलानं पूर्ण डिस्कची इमेज दुसऱ्या डिस्कवर काढा, त्याशिवाय सुरुवातच नको. त्या पहिल्या सेक्टरची कॉपी ‘डीडी’ कमांडनं वेगळी काढून ठेवतात, चांगली सवय आहे, पण परत टाकताना पार्टिशन बदललेली असतील तर ५१२ नव्हे, ४४६ बाईटच परत टाकायचे, नाहीतर जुना तक्ता नव्यावर बसतो आणि लिनक्सचं पार्टिशन दिसेनासं होतं. आणि एक्सपीमधलं नेटवर्क कायमचं बंद करून टाका, इंटरनेट फक्त लिनक्सवर. ८ एप्रिल २०१४ पासून त्याला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट नाही, मशीन चालवायला ठीक, जीएसटीचं पोर्टल उघडायला नाही.

प्रश्न : विंडोजचं अपडेट झालं आणि उबंटूचा मेनू यायचा बंद झाला, थेट विंडोजच उघडतंय. दुकानात नेलं तर फॉरमॅट करावं लागेल म्हणाले. सहा महिन्यांचं काम आहे त्यात. काय करू दादा?
*– एक वाचक, गडहिंग्लज*

उत्तर : भावा, फॉरमॅट करू नकोस आणि दुकानात परत नेऊ पण नकोस. तुझं उबंटू होतं तिथंच आहे, यादीतला नंबर खाली गेलाय. लॅपटॉप चालू होताना एचपी असेल तर एफ९, डेल, लेनोव्हो, एसरला एफ१२, असुसला एस्केप दाबत राहा, यादी येईल, त्यात ‘उबंटू’ असेल, ते निवड. आत गेलास की ‘एफिबूटएमजीआर’ मारून बघ, प्रत्येकाला चार आकडी नंबर दिसेल, ‘-ओ’ लावून उबंटूचा नंबर आधी लिहायचा, विषय संपला.

काही लॅपटॉपचं फर्मवेअर असलं हट्टी असतं की कितीही वेळा क्रम लावा, परत विंडोजच पहिलं. त्याला विंडोजमधूनच वळवायचं. ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘बीसीडीएडिट’नं ‘बूटएमजीआर’चा (विंडोजच्या बूट लोडरचा) पाथ उबंटू फोल्डरातल्या शिम फाईलकडं, म्हणजे ग्रबला उठवणाऱ्या फाईलकडं, फिरवायचा. फर्मवेअरला वाटतं विंडोज चालवतोय, उठतं ग्रब.

यादीत उबंटू दिसतं पण निवडल्यावर काळ्या पडद्यावर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ आणि ‘एसबॅट’ असले शब्द येऊन लॅपटॉप बंद पडत असेल, तर प्रकरण वेगळं. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या अपडेटनं जुन्या, धोक्याच्या बूट लोडरना बंदी घातली आणि त्यात बऱ्याच लोकांची चालती लिनक्स अडकली. सिक्युअर बूट तेवढ्यापुरतं बंद कर (बिटलॉकरची की हाताशी ठेवून), उबंटूत जा, ‘सुडो मोकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ मार, रीस्टार्ट करून एकदा परत उबंटूत जा, सगळे अपडेट घे, मग सिक्युअर बूट परत चालू कर. ते कायमचं बंद ठेवायचा सल्ला सगळीकडं मिळतो, मला तो पटत नाही, उबंटू, फेडोरा, डेबियन सगळ्यांचे बूट लोडर आता सही केलेले असतात, बंद ठेवायची गरजच नाही.

आणि सहा महिन्यांचं काम एकाच डिस्कवर ठेवून तू कसली डेरिंग करतोयस? आत गेलास की पहिलं ते पेनड्राईव्हवर घे, क्रमबिम नंतर लाव.

प्रश्न : उबंटू वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं. बॅटरी बदलली तरी तेच.
*– एक वाचक, इचलकरंजी*

उत्तर : बॅटरीचे पैसे गेले. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज आपली भारतीय वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) ठेवतं, दोन्हीतला फरक बरोबर साडेपाच तास. उबंटूत ‘टाईमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ मारा, लिनक्स पण विंडोजसारखंच वागेल. हे करताना ते एक इशारा दाखवतं, भारतात उन्हाळा-हिवाळ्याला घड्याळ पुढंमागं करायची भानगड नसल्यामुळं आपल्याला त्याचा त्रास नाही.

प्रश्न : उबंटू नको झालं म्हणून विंडोजमधून त्याचं पार्टिशन डिलीट केलं. आता चालू केलं की काळ्या पडद्यावर फक्त ‘ग्रब’ लिहून येतंय आणि पुढं काहीच नाही. उद्या ऑनलाईन परीक्षा आहे!!
*– एक विद्यार्थी, जयसिंगपूर*

उत्तर : अंक हातात पडेपर्यंत परीक्षा होऊन गेली असणार, त्यामुळं फोनवर सांगितलंय, पण बाकीच्यांसाठी इथं लिहितो कारण हे दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं होतं. ग्रबची छोटी फाईल ईएसपीत राहिली आणि तिचा मेनू होता उबंटूच्या पार्टिशनमध्ये, तेच तू उडवलंस, म्हणून ते उठतं आणि काही न सापडून बसून राहतं. तिथंच ‘एक्झिट’ लिहून एंटर दाब, बहुतेक लॅपटॉप यादीतल्या पुढच्या नोंदीवर, म्हणजे विंडोजवर जातात. नाही गेला तर बूट मेनूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवड. तेवढ्यानं परीक्षा देता येते.

निवांत झाल्यावर साफसफाई. यूईएफआय सेटिंगमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला कर. उरलेला फोल्डर काढायचा असेल तर विंडोजच्या ॲडमिन प्रॉम्प्टमध्ये ‘माउंटव्हॉल एस: /एस’ मारून ईएसपीला एस अक्षर दे, आत फक्त ‘उबंटू’ फोल्डर काढ, शेजारच्या मायक्रोसॉफ्टला हात लावू नकोस, आणि चुकून लागलाच तर ‘बीसीडीबूट’ नावाची कमांड विंडोजच्या फाईली परत तयार करून देते. जुन्या एमबीआरवाल्या कॉम्प्युटरवर मात्र एक्झिटनं काम होत नाही, तिथं विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राईव्हवरून रिपेअरमध्ये जाऊन ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ लागतं. आणि पुढच्या वेळी उलटं कर, आधी बूटचा क्रम बदल, विंडोज उठतंय याची खात्री कर, पार्टिशन सगळ्यात शेवटी.

प्रश्न : इन्स्टॉलरला माझी डिस्कच दिसत नाही, फक्त पेनड्राईव्ह दिसतो. डिस्क खराब आहे का?
*– एक वाचक, कागल*

उत्तर : विंडोज चालतंय ना? मग खराब नाही. इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची खास पद्धत) चालू असणार, त्याच्या आड लपलेली डिस्क बऱ्याच लिनक्स इन्स्टॉलरना दिसत नाही. यूईएफआय सेटिंगमध्ये ते बंद करून एएचसीआय (डिस्कची साधी पद्धत) करायचं असतं, पण सरळ बदललंत तर विंडोज उठणार नाही. आधी ‘बीसीडीएडिट’नं विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगा, रीस्टार्ट करताना सेटिंग बदला, सेफ मोडमध्ये एकदा उठलं की त्याला नवा ड्रायव्हर सापडतो, मग सेफ मोडची ती नोंद काढून टाका. बिटलॉकरबद्दल वर लिहिलंय ते इथंही आलंच.

प्रश्न : घरात एकच कॉम्प्युटर. आईला विंडोज लागतं, मला लिनक्स. मेनू दहा सेकंद थांबतो, आई काही दाबत नाही, लिनक्स उघडतं आणि मला शिव्या बसतात.
*– एक वाचक, शाहूपुरी*

उत्तर : शिव्या बरोबर आहेत. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातल्या ‘ग्रब’ फाईलमध्ये ‘ग्रब_डिफॉल्ट’ला ‘सेव्ह्ड’ कर आणि ‘ग्रब_सेव्हडिफॉल्ट’ला ‘ट्रू’, म्हणजे मागच्या वेळी जे उघडलं तेच यावेळी आपोआप. पण तू रात्री लिनक्स वापरून झोपलास की सकाळी आईला परत लिनक्सच, त्यामुळं तुझ्या घरी हे उपयोगाचं नाही. तू ‘ग्रब_डिफॉल्ट’मध्ये मेनूतल्या विंडोजच्या ओळीचं नाव जसंच्या तसं अवतरण चिन्हात लिही. नंबर लिहू नकोस, नंबर लिहिला आणि मेनूत एखादी ओळ वाढली की भलतंच उघडतं. टाईमआऊट पाच सेकंद कर, अपडेट-ग्रब मार. लिनक्स पाहिजे त्यानं बाणाची की दाबायची, म्हणजे तू.